सोपाऱ्याहून कल्याणला, खाडीच्या काठाकाठाने

मुलुंडची मुलगी बोरिवलीला दिली की तिचे माहेर फार लांब पडते, हे तुम्हां-आम्हांला कुणी सांगायला नको. नुसता नकाशा पाहिला तर मधे डोंगर तेवढा आडवा आहे. पण आपण चालतो रेल्वेच्या नकाशाने. पश्चिम रेल्वे एका बाजूने वर जाते, मध्य रेल्वे दुसऱ्या बाजूने, आणि दोघींची गाठ पडते ती पार खाली दादरला. म्हणजे माहेरी जायचे तर आधी दादरपर्यंत उतरा, पूल चढा, पूल उतरा, आणि पुन्हा तेवढेच वर जा. हातात पिशवी, कडेवर मूल. तरुणपणी हे सगळे निभते. गुडघे कुरकुरायला लागले की माहेर फोनवरच उरते.

आमच्या सासूबाईंचे असेच झाले होते. माहेर कल्याणचे, पारनाक्याजवळचे. आजोळ सोपाऱ्याचे, म्हणजे नालासोपारा स्टेशनाच्या पश्चिमेला जे जुने गाव आहे तिथले. वय अठ्ठ्याहत्तर. ही दोन्ही गावे बोरिवलीच्या आमच्या घरापासून तास-दीड तासाच्या वाटेवर, आणि दोन्ही त्यांनी अकरा वर्षांत पाहिली नव्हती. "त्या गर्दीत मला कोण चढू देणार?" एवढेच म्हणायच्या. त्यात तक्रार नसायची, म्हणून ते अधिकच लागायचे.

माझी नणंद मुलुंडला असते. तिने गेल्या वर्षी गाडी घेतली. नवी नव्हे, वापरलेली. पण चालवते ती स्वतः, आणि छान चालवते. एक दिवस तिचा फोन आला, "वहिनी, आईला एका दिवसात दोन्हीकडे फिरवून आणू या का? आजोळ आणि माहेर, दोन्ही." घरातल्या पुरुषमंडळींना आम्ही मुद्दामच बरोबर घेतले नाही. रागवू नका, पण गाडीत पुरुष असले की पोचायची घाई फार. "आत्ताच तर थांबलो होतो" हे वाक्य तुमच्याही ओळखीचे असेल. आमची अट एकच होती : आई म्हणतील तिथे गाडी थांबेल.

आता ही वाट कशी आहे ते सांगते, कारण आम्ही पोचेपर्यंत मलाही ती नीट उमगली नव्हती. सोपारे आणि कल्याण ही कोकणातली फार जुनी बंदरे. उल्हास नदी कल्याणाजवळ खाडीला मिळते, ती खाडी ठाण्याच्या वरून, घोडबंदरावरून वळसे घेत वसईला समुद्रात जाते. कल्याण या खाडीच्या आतल्या टोकाला, वसई तिच्या मुखाशी, आणि वसईच्या वर सोपारे. भरतीचे पाणी चढले की गलबत आत, ओहोटी लागली की बाहेर. रेल्वे आली आणि हे सगळे बदलले. १६ एप्रिल १८५३ रोजी आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, १ मे १८५४ रोजी कल्याणला पोचली. पुढे पश्चिमेची लाइन झाली. दोन्ही गावांची तोंडे मुंबईकडे वळली आणि एकमेकींकडे पाठ झाली. वसईहून दिव्याला जाणारा लोहमार्ग आहे, नाही असे नाही. पण त्यावर गाड्या इतक्या थोड्या, की म्हाताऱ्या माणसाला घेऊन त्या भरवशावर निघणे कठीण.

म्हणून गाडी. स्वतःची नसली तर दिवसभरासाठी ठरवा, चौघींत वाटून घेतलीत तर फार जड जात नाही. फक्त ठरवतानाच चालकाला सगळे थांबे सांगा. वाटेत "हे बोलण्यात नव्हते" असा वाद नको. बोरिवली ते सोपारे ते कल्याण आणि परत, असे सव्वाशे-दीडशे किलोमीटर होतात. ऐकायला काहीच नाही, पण या रस्त्यांवर त्याला पुरा दिवस लागतो.

नणंद आदल्या रात्रीच मुक्कामाला आली. सकाळी साडेसहाला निघालो. थंडीचे दिवस होते. हा प्रवास नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करावा असे माझे मत आहे; पावसात घोडबंदरचा रस्ता खड्ड्यांनी भरतो आणि उन्हाळ्यात दुपारी गाडीचा पत्रा तापतो. बरोबर दशम्या घेतल्या होत्या, दुधात भिजवलेल्या. त्या दिवसभर मऊ राहतात आणि बोटे तेलकट होत नाहीत. ओल्या खोबऱ्याची चटणी नेऊ नका, बंद गाडीत ती दुपारपर्यंत उतरते. शेंगदाण्याची किंवा कारळाची कोरडी चटणी उत्तम. ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी आल्याच्या वड्या. आणि एक लोड किंवा छोटी उशी, कमरेमागे द्यायला. आईंना आम्ही पुढच्या सीटवर बसवले. साधी गोष्ट, पण त्या म्हणाल्या, "आयुष्यात पहिल्यांदा पुढे बसले गं. मागून नुसती डोकीच दिसायची." पट्टा लावायला थोड्या बिचकल्या, मग तो नऊवारीवरून नीट बसवून घेतला.

द्रुतगती मार्गावर मागाठाणे लागले. बसचा डेपो, आता मेट्रोचे स्टेशनही. या नावावरून रोज आपण जातो, पण कान्हेरीच्या एका शिलालेखात मंगलठाण नावाचे गाव येते ते हेच, असे अभ्यासक सांगतात. तिथले शेत कुणीतरी लेण्यातल्या भिक्षूंसाठी दान दिले होते. कान्हेरीची लेणी आम्ही त्या दिवशी केली नाहीत आणि तुम्हीही करू नका. पायऱ्या आहेत, चढ आहे, शंभरावर लेणी आहेत. तिला वेगळा दिवसच हवा. (सोमवारी उद्यान बंद असते, तेवढे लक्षात ठेवा.) पण तिथल्या शिलालेखांची गोष्ट याच प्रवासात सांगायला हवी. दान देणाऱ्यांनी आपापल्या गावांची नावे कोरून ठेवली आहेत, आणि त्यांत सोपारे आहे, कल्याण तर पुन्हा पुन्हा आहे. लेण्याला शब्द 'लेण', पाण्याच्या टाक्याला 'पोढी'. कुणी लेण खोदवून दिले, कुणी पोढी, कुणी शेत, की त्याच्या उत्पन्नातून पावसाळ्यात राहणाऱ्या भिक्षूंना वस्त्रे मिळावीत. आणि या दात्यांत बायका किती आहेत! कुणी भिक्षुणी, कुणी कुणाची आई, कुणी कुणाची बायको, पण स्वतःच्या नावानिशी. अठराशे वर्षांपूर्वी कल्याणची बाई या डोंगराशी नाते ठेवून होती, आणि आपल्याला बोरिवलीहून कल्याणला जायला दादर गाठावे लागते.

दहिसरच्या नाक्यावर गाडी थांबवून पैसे मोजावे लागले नाहीत. २०२४ च्या ऑक्टोबरात हलक्या गाड्यांना मुंबईच्या वेशीवरचा टोल माफ झाला. पुढे वर्सोव्याचा पूल. हा आपल्या अंधेरीचा वर्सोवा नव्हे, खाडीवरचे वर्सोवा गाव. इथे तासन् तास खोळंबा व्हायचा, २०२३ साली नवा पूल सुरू झाला तेव्हापासून जरा सुसह्य झाले. पुलावर आईंनी हात वर केला. पुलावर गाडी थांबवता येत नाही, पण नणंदेने वेग कमी केला. खाली खाडी रुंद पसरलेली, धुके नुकते उठत होते. "हेच पाणी कल्याणला," आई म्हणाल्या. त्यांच्या आजोबांच्या तोंडी होते म्हणे, की पूर्वी कल्याणचे वऱ्हाड वसईला होडीने येई.

महामार्ग सोडून आत वळलो की नालासोपाऱ्याची दाटी सुरू होते. इमारती, रिक्षा, शिकवणीचे फलक. इथे कुठे काही जुने असेल यावर विश्वास बसत नाही. स्टेशनाच्या पश्चिमेला गेले की हळूहळू झाडे दिसायला लागतात आणि मग गाव लागते. गावातली माणसे ज्याला बुरूड राजाचा कोट म्हणत, तो खरे तर विटांचा स्तूप. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकरला. आत दगडी करंडक सापडला, त्यात तांब्याचा, मग चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सगळ्यांत आत सोन्याचा. आपण दागिना ठेवताना डबीत डबी ठेवतो ना, अगदी तसे. आणि सोन्याच्या डबीत काय असावे? मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे, आणि सोन्याची फुले. बुद्धाचे भिक्षापात्र म्हणून ते जपले होते. भोवती ब्राँझच्या आठ छोट्या मूर्ती. या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. इथे उरला आहे तो विटांचा उंचवटा, झाडांच्या सावलीत.

खरे सांगायचे तर पाहण्यासारखे फार नाही. भव्य काही बघायची सवय असेल तर हिरमोड होईल. पण आईंना तो कोट बोरे वेचायची जागा म्हणून ठाऊक होता! "आम्हांला कुणी सांगितलंच नाही हे बुद्धाचं आहे म्हणून," असे म्हणत त्या चप्पल काढून पाच मिनिटे उभ्या राहिल्या.

त्याच वर्षी, १८८२ सालीच, इथे सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, आठव्या आज्ञेचा. ही आज्ञा कशाविषयी आहे ठाऊक आहे? प्रवासाविषयी! पूर्वीचे राजे शिकारीसाठी, मौजेसाठी यात्रा करीत, मी मात्र धर्मयात्रा करतो, लोकांना भेटतो, वडीलधाऱ्यांना भेटतो, त्यांना दान देतो, असा तिचा आशय. पुढे १९५६ साली जवळच भुईगावला नवव्या आज्ञेचाही तुकडा मिळाला. त्या आज्ञेचा पूर्ण मजकूर इतर ठिकाणच्या शिलालेखांत आहे, आणि तीत महाराज म्हणतात की आजारपणात, लग्नात, मूल होताना, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, आणि त्यांतही बायका फारच निरुपयोगी विधी करतात. निघताना आईंनी आमच्या हातावर दही घातले होते, ते आठवून नणंद आणि मी खूप हसलो. आई हसल्या नाहीत. "दही घातलं म्हणूनच पुलावर गर्दी लागली नाही," म्हणाल्या.

चक्रेश्वराच्या देवळाशी मात्र थोडा वेळ काढा. तळ्याकाठचे देऊळ, आवारात जुन्या मूर्ती, त्यांत ब्रह्मदेवाची उभी मूर्ती. ब्रह्मदेव आपल्याकडे कितीशा ठिकाणी दिसतो! आईंचे आजोळचे घर राहिलेले नाही. त्यांना ते ठाऊक होते. विहिरीची जागा तेवढी त्यांनी गाडीतूनच बोटाने दाखवली. बाजारात वेलची केळी घेतली आणि सुकेळी. आगाशी-वसईची सुकेळी म्हणजे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली. रंगाने काळपट, चवीला मधासारखी, आणि कोरड्या डब्यात चांगली टिकतात. घेताना दाबून बघा. अगदी कडक झालेली घेऊ नका.

इथून कल्याणला जायला दोन वाटा. एक चिंचोटी, कामण, अंजूरफाटा करीत भिवंडीवरून. नकाशावर ती जवळची, आणि मोबाइल हमखास तीच दाखवील. पण भिवंडीच्या गोदामांकडे जाणारे अवजड ट्रक सगळे त्याच रस्त्याने, आणि रस्ता म्हणजे कमरेची परीक्षा. म्हातारे माणूस किंवा लहान मूल बरोबर असेल तर माघारी पुलापर्यंत यावे आणि घोडबंदरचा रस्ता धरावा. आम्ही तेच केले.

हा रस्ता मला सगळ्या प्रवासात आवडला. उजवीकडे राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, डावीकडे झाडीतून खाडी. पोर्तुगीजांच्या वेळचा घोडबंदरचा किल्ला जवळच आहे. अरबी घोडे इथे उतरत म्हणून गावाला हे नाव पडले असे म्हणतात. गायमुखाशी चढ आहे, तिथे ट्रक अडखळतात, घाई करू नये. २०२४ च्या जुलैत बोरिवली-ठाणे बोगद्याचे भूमिपूजन झाले. डोंगराच्या पोटातून जाणारा तो रस्ता झाला की मुलुंडच्या लेकीचे माहेर खरेच जवळ येईल, आणि मी तर त्या दिवशी पेढे वाटीन. पण बोगद्यातून खाडी दिसायची नाही. आईंनी या टप्प्यात तीनदा गाडी थांबवली. एकदा खाडी बघायला, एकदा पाय मोकळे करायला, आणि एकदा पेट्रोल पंपावर. ही तिसरी गोष्ट आपण बायका बोलत नाही आणि मग सकाळपासून पाणी पीत नाही. तसे करू नका. पंपावर स्वच्छतागृह असते, किल्ली मागायला लाजू नका, आणि साबणाचा कागद पर्समध्ये ठेवा. म्हाताऱ्या माणसांना तर तासाला एकदा उतरवावेच, नाहीतर पाय सुजतात.

कासारवडवलीपासून उंच इमारतींची रांग लागते ती माजिवड्यापर्यंत. तिथे डावीकडे नाशिकचा रस्ता, रांजणोली नाक्याला उजवीकडे वळायचे, कोनगाव, आणि मग एकदम पुन्हा खाडी, तिच्यावर दुर्गाडीचा पूल. पलीकडच्या टेकाडावर दुर्गाडी. सोपाऱ्यापासून साठेक किलोमीटर. आम्हांला थांबत थांबत पावणेतीन तास लागले. १६५७ च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात याच खाडीत झाली. किल्ला लहानसा, वर दुर्गादेवीचे देऊळ, नवरात्रात मोठी जत्रा.

त्याच्याही आधीचे कल्याण परदेशात नाव कमावून होते. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्रमार्गांचे टिपण लिहिले, त्यात सुप्पारा आणि कल्लिएना अशी दोन्ही नावे आहेत. तो लिहितो की कल्याणला आता अडवणूक आहे, तिथे गेलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जाण्याचा संभव असतो. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा कॉस्मस नावाचा प्रवासी कल्याणचे कापड, लाकूड आणि तांब्या-पितळेचा व्यापार यांविषयी लिहून गेला. कुठे उत्तर आफ्रिकेचा किनारा आणि कुठे आपले कल्याण! पण एका बाईचे नाव घेतल्याशिवाय कल्याण पुरे होत नाही. डॉ. आनंदीबाई जोशी इथे वाढल्या, नवव्या वर्षी इथेच त्यांचे लग्न झाले. १८८३ साली त्या एकट्या अमेरिकेला निघाल्या, १८८६ साली डॉक्टर झाल्या, आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षेही पुरी झाली नसताना, गेल्या. शाळेत हा धडा आपण सगळ्याच शिकलो. पण त्यांच्या गावच्या अरुंद गल्लीत गाडी घालताना तो वेगळा आठवतो.

पारनाक्याशी गाडी लावायला जागा मिळणे महाकर्म. नणंदेने आम्हां दोघींना उतरवले आणि ती लांब गाडी लावून चालत आली. आईंच्या माहेरच्या वाड्याच्या जागी चार मजली इमारत आहे. भाऊ वारले, भाचे पुण्याला. मला धास्ती होती ती याच घटकेची, की एवढ्या लांब आणून त्यांना हे दाखवायचे. त्या बराच वेळ इमारतीकडे बघत राहिल्या. मग समोरच्या बोळात वळल्या, काठी टेकत, आमच्याकडे न बघता. तिथे एक जुने दुमजली घर अजून उभे होते. ओट्यावर एक म्हाताऱ्या बाई लसूण सोलत बसल्या होत्या.

दोघी एका वर्गात होत्या. ओळख पटायला अर्धे मिनिट लागले असेल. पुढचा सव्वा तास आम्हांला कुणी विचारले नाही. त्यांच्या सूनबाईंनी चहा दिला, कुणीतरी वडे आणून दिले, आम्ही दशम्या सोडल्या. ओट्यावर गेलेल्या माणसांची नावे एकामागून एक येत होती, आणि मधूनच दोघी हसत होत्या.

बोलता बोलता कळले की या बाईंची धाकटी लेक बोरिवलीला असते, गोराईकडे. तिच्या मुलीची मुलगी आता दोन वर्षांची. ती पणती त्यांनी फोनवर पाहिली आहे, मांडीवर घेतलेली नाही. दादरचा पूल त्यांनाही चढवत नाही, आणि मुलगा कामावर, गाडी नाही.

कल्याणहून साडेचारच्या आत निघावे, नाहीतर माजिवड्याला तासभर मोडतो, म्हणून मी घड्याळ बघत होते. आईंनी ते पाहिले. माझ्याकडे न बघता त्या मैत्रिणीला म्हणाल्या, "मागं एक जागा रिकामी आहे."

सूनबाईंनी पाच मिनिटे नाही-हो केले, मग मुलाला फोन लावला, मग आत जाऊन दोन लुगडी, रक्तदाबाच्या गोळ्या आणि गरम शाल पिशवीत भरून आणली. नणंद गाडी आणायला गेली. मी मागच्या सीटवरची सुकेळ्यांची पुडकी डिक्कीत टाकली.